डिसेंबरात मी एकटीच येईन

प्लेनो, टेक्सास

प्रिय आई आणि पप्पा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

आम्ही दोघं खुशाल आहोत. आधी एवढं वाचा आणि मग बाकीचं. फोनवर हे बोलता आलं असतं, पण तुम्ही स्पीकर लावता, मावशी शेजारी असते, आणि आईचा आवाज जरा बदलला की माझ्याच्याने पुढे बोलवत नाही. म्हणून पत्र. पप्पा, आईला शेवटपर्यंत वाचून दाखवा, मध्ये थांबू नका.

आधी आईच्या प्रश्नांची उत्तरं देते. मी बारीक झालेले नाही, तो फोटोच बाजूने काढलेला होता. लग्नांचे फोटो काढून परतताना रात्री बारा वाजता हायवेवर मी एकटी गाडी चालवत नाही. हे सोबत असतात, किंवा मी तिथेच मुक्काम करते. आणि पाळण्याचं आई प्रत्येक वेळी विचारते. आई, ते देवाच्या हातात आहे, डॉक्टरांकडेही जाऊन आलोय, यापुढे मला काही लिहायचं नाही. राग मानू नकोस.

मामांचंही उत्तर देऊन टाकते. तेलुगू लग्नात होमाच्या शेजारी बसून फोटो काढते, हे आपल्या लोकांना चालतं का, असं त्यांनी विचारलं. चालतं. मी तिथे कुणाच्या देवाशी वाद घालायला जात नाही आणि माझा देव घरी ठेवूनही जात नाही. कॅमेरा पिशवीतून काढायच्या आधी गाडीत बसून त्या मुलामुलीची नावं घेऊन प्रार्थना करते. ती कुठल्याही धर्माची असोत, त्यांचा संसार टिकावा एवढंच मागते. गेल्या महिन्यात गार्लंडला केरळी ख्रिस्ती कुटुंबातलं लग्न होतं. त्यांच्याकडे नवरा नवरीला मंत्रकोडी नावाची साडी देतो, आणि त्याच साडीचे सात धागे काढून त्यात मिन्नू ओवतात, म्हणजे आपलं मंगळसूत्रच. नवरीची आत्या धागे पिळत होती, बोटं थरथरत होती. मी अगदी जवळून तिच्या बोटांचे फोटो काढले, आणि आपल्या धाकट्या छकुलीच्या लग्नासाठी तिच्या मंगळसूत्रात क्रूस बसवायला आई सोनाराकडे खेपा घालतेय ते आठवलं. मामांना हे वाचून दाखवा.

आता इथली एक रीत सांगते, ती मला कळायला दोन वर्षं लागली. इथे लग्नाच्या महिना-दीड महिना आधी मुलगी एकटीच नवरी होते. अमेरिकेत सगळीकडे नाही, दक्षिणेकडच्या राज्यांत, आणि टेक्सासात तर फारच. त्याला ब्रायडल्स म्हणतात. लग्नातलाच पांढरा गाऊन, डोक्यावर जाळी, केस, मेकअप, हातात खऱ्या फुलांचा गुच्छ, सगळं लग्नाच्या दिवशी असेल तसंच. फक्त नवरदेव नाही. बरोबर आई असते, एखादी मैत्रीण असते. दोन तास फोटो काढायचे, आणि मग ते नवऱ्यापासून लपवून ठेवायचे. त्यातलाच एक मोठा करून लग्नाच्या दिवशी जेवणाच्या हॉलच्या दारात ठेवतात, तोवर त्याने तो पाहायचा नसतो. धंद्यात नवीन असताना मी असा एक फोटो इन्स्टाग्रामवर टाकला होता. मुलीच्या आईचा रडत फोन आला. दहा मिनिटांत काढून टाकला, पण त्या बाईचा आवाज अजून माझ्या कानात आहे. शेजारच्या वाड्यातल्या लग्नांत अंतरपाट धरायचे ना, तो मंगलाष्टकं संपेपर्यंतचा. इथला महिनाभराचा. असं समजा, म्हणजे पटेल.

यंदा एप्रिलमध्ये असे फोटो एनिसला काढले. ते डॅलसच्या खाली छोटं गाव आहे, ब्लूबॉनेट नावाच्या निळ्या रानफुलांचं. माळच्या माळ निळे होतात. गाऊनच्या आत मुलीने गुडघ्यापर्यंतचे बूट घातले होते, कारण त्या फुलांत साप असतात. घेराखाली आम्ही पांढरी चादर अंथरली, म्हणजे गवताचे डाग लागत नाहीत आणि फोटोतही दिसत नाही. मुलीची आई गुडघ्यावर बसून चादरीची टोकं आत सारत होती. मग तिने वर पाहिलं आणि ती तशीच बसून राहिली. आई, माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री तू दिव्याखाली पांढऱ्या साडीला फॉल लावत होतीस, मध्येच सुई थांबवून माझ्याकडे बघितलंस, ते मला तिथे दिसलं. तेव्हा मी तुला म्हणाले होते, झोप आता, किती वेळ लावतेस. तसं म्हणायला नको होतं.

दादाने तुम्हाला सांगितलंय ते मला माहीत आहे. हो, आमच्या दोघांत गेल्या वर्षी बरं चाललं नव्हतं. आता चाललंय, म्हणूनच लिहिते.

झालं असं की गेल्या वर्षी मी एकतीस लग्नं घेतली. लग्न एका दिवसाचं असतं, पण घरी तीन-चार हजार फोटो येतात, त्यातून सहाशे निवडून एकेक नीट करायचे, त्यात दोन आठवडे जातात. हे सोमवार ते शुक्रवार ऑफिसात आणि शनिवारी दुसरा कॅमेरा घेऊन माझ्याबरोबर. मग मी रविवारचीही लग्नं घ्यायला लागले. सहा-सात रविवार आम्ही उपासनेला गेलोच नाही. ज्या कामावर प्रार्थना करून सुरुवात केली, त्याच कामाने माझा रविवार नेला, आणि पैसे येत होते म्हणून मी ते होऊ दिलं. भांडण मात्र दशांशावरून झालं. मी म्हणायचे, जेवढे हातात येतात त्याचा दहावा भाग द्यायचा, आईने तसंच शिकवलंय. हे म्हणायचे, त्यातला सव्वाआठ टक्के विक्रीकर सरकारचा आहे, कॅमेऱ्याचा आणि विम्याचा खर्च आहे, उरेल त्याचा दे. दोघांनाही देवाला द्यायचंच होतं, आणि त्यावरून आम्ही चार दिवस एकमेकांशी बोललो नाही.

नंतर एका लग्नात अंगठी घालतानाचा फोटो ह्यांच्याकडून निसटला. माझ्याकडे तो होता, काही बिघडलं नव्हतं. तरी मी पाहुण्यांसमोर ह्यांना बोलले. तुमचे जावई काही म्हणाले नाहीत. शेवटपर्यंत काम केलं, दिवे गाडीत भरले, आणि पुढच्या सीटवर बसून स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. पप्पा, माझं चुकलं होतं. ह्यांची चूक शोधू नका.

इथल्या पाळकांकडे गेलो. टेक्सासात लग्नाचा परवाना घेतला की बहात्तर तास थांबावं लागतं, पण लग्नाआधीचा आठ तासांचा वर्ग केला असेल तर थांबावं लागत नाही आणि फीमधले साठ डॉलरही वाचतात. त्यामुळे पुष्कळ चर्चमध्ये असे वर्ग चालतात. पाळकांनी आम्हाला त्याच वर्गात बसवलं, बावीस-तेवीस वर्षांच्या मुलामुलींबरोबर. एकाने बोलायचं, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचं आणि जे ऐकलं ते परत सांगायचं. हे म्हणाले, "तू दुसऱ्यांच्या बायकांना नवऱ्याकडे बघ म्हणून सांगतेस, माझ्याकडे बघत नाहीस." मला ते परत सांगायचं होतं. तिसऱ्या वेळी जमलं.

त्या पाळकांना मी सांगितलं की १८३१ साली अमेरिकेतूनच मिशनरी आमच्या नगरला आले. त्यांना माहीत नव्हतं. पप्पा, तुम्ही ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल, आणि मी किती कंटाळून ऐकायचे. त्यांना मी सगळी सांगितली, तुमच्यासारखीच, हात हलवून.

तर आता ठरलंय असं. वर्षाला अठराच लग्नं. रविवार नाही. दशांश हातात येईल त्याचाच, हे ह्यांनी आपणहून मान्य केलं, आणि हिशोबाची वही आता ह्यांच्याकडे आहे. यात नुकसान आहे हे मला कळतं, आणि ते मी एकटी सोसत नाही, तुमच्यापर्यंत येतं. छकुलीच्या लग्नाला मी चार लाख म्हणाले होते. ऑक्टोबरपर्यंत अडीच पाठवीन. उरलेले मेपर्यंत नक्की. हॉलवाल्याला आणि केटररला त्याप्रमाणे सांगा, आणि पप्पा, कुणाकडून उसने घेऊ नका. लागलेच तर आधी मला सांगा.

दुसरं म्हणजे, नाताळानंतरच्या लग्नाला मी येतेय, पण एकटीच. दोघांच्याही पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय. एकदा भारतात आलं की मुंबईच्या वकिलातीत जाऊन नवा शिक्का घेतल्याशिवाय परत फिरता येत नाही, आणि तारीख कधी मिळेल ते सांगता येत नाही. हे अडकले तर नोकरी जाईल, आणि माझी इथे काम करायची परवानगी ह्यांच्या नोकरीवरच आहे. मी अडकले तर महिनाभर जास्त तुमच्याकडे राहीन, त्याचं मला दुःख नाही. लोक विचारतील, जावई का नाही आले. नोकरीमुळे, म्हणून सांगा. तेच खरं आहे, भांडणाचा काही संबंध नाही. छकुलीला हे स्वतः फोन करणार आहेत.

आणि छकुली म्हणते, ताई, फोटो तूच काढ. नाही काढणार. नगरचाच फोटोग्राफर ठरव, त्याचे पैसे मी देते, ते अडीच लाखांत धरू नका. तीन रविवार चर्चमध्ये तिच्या नावाची घोषणा होईल तेव्हा मी नसेन. निदान लग्नाच्या दिवशी तरी मला तिच्या शेजारी उभं राहायचंय, कॅमेऱ्यामागे नाही. हळदीच्या रात्री आईचा आणि तिचा एक फोटो मात्र मी काढीन, स्वयंपाकघरात.

आई, माझी पांढरी साडी कपाटात वरच्या कप्प्यात आहे, निळ्या पिशवीत. काढून बघ, पिवळी पडली असेल तर धुवायला दे. फॉल उसवला असेल तर तसाच ठेव, मी आल्यावर आपण दोघी लावू.

तुमची लेक

ता.क. पप्पांनी गुडघ्याचं औषध महाग म्हणून बंद केलंय, असं छकुलीकडून कळलं. त्याचे पैसे आज वेगळे पाठवलेत. ते लग्नात घालू नका.