चि. अनिरुद्ध यास आईचे पत्र

चि. अनिरुद्ध,
अनेक आशीर्वाद.

अमरावतीला सुखरूप पोहोचल्याचा तुझा निरोप बाबांच्या फोनवर आला आणि त्यांनी तो मला दोनदा वाचून दाखवला, म्हणजे राग किती उरला आहे ते तुला समजेल. त्या रात्री जे झाले त्यावर मी काही लिहिणार नव्हते. पण निघताना दारात उभा राहून तू जे बोललास ते मनातून जात नाही. नाटकासाठी तू काढलेल्या कर्जाचे बाबांनी विचारले तेव्हा चरित्रांच्या कपाटाकडे हात करून तू म्हणालास, "यांच्यातल्या एकानेही असले हिशेब केले नाहीत." ती पुस्तके मीही वाचली आहेत. त्यांतली निम्मी तर तू शाळेत असताना मराठी ग्रंथसंग्रहालयातून मीच तुला आणून देत असे आणि आवडतील ती पुढे गोखले रोडवरून विकत घेत असू. तेव्हा त्याच पुस्तकांच्या आधाराने तुला उत्तर द्यावे असे वाटले.

तू त्या डच चित्रकाराचे, रेम्ब्रांटचे, नाव फार घेतोस. ॲम्स्टरडॅममध्ये त्याने १६३९ मध्ये तेरा हजार गिल्डरांचे घर घेतले, त्याचे हप्ते वर्षानुवर्षे थकवले आणि तरीही लिलावांत शंख, शस्त्रे, जुनी चित्रे घेत राहिला, हे तू मला रंगून सांगितले होतेस. त्यापुढचे प्रकरण मात्र तू सांगितले नाहीस. १६५६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले आणि कारकुनाने घरातल्या खोल्यांतून फिरून यादी केली. त्या यादीत ३६३ नोंदी आहेत. रोमन सम्राटांचे पुतळे, एक जपानी शिरस्त्राण, त्याची स्वतःची चित्रे, सगळे एकाखाली एक. पतपेढीत असताना जप्तीच्या याद्या मी पाहिल्या आहेत, अनिरुद्ध. त्यांत शिवणयंत्र आणि देवघरातली समई एकाच शाईने लिहिलेली असते. ते पान वाचताना मला पुस्तक मिटावे लागले.

पण माझा मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. घर गेल्यावर त्याची सोबतीण हेन्ड्रिक्ये आणि मुलगा टायटस यांनी १६६० मध्ये एक कंपनी काढली आणि रेम्ब्रांटला कागदोपत्री तिच्या आश्रयाला ठेवले, म्हणजे तो जे रंगवील त्यावर सावकारांना हात टाकता येऊ नये. त्यानंतरची जी थोर चित्रे आहेत ती या कागदाच्या आडोशाला झाली. हिशेब कोणी केलाच नाही असे कसे म्हणतोस? त्याने केला नाही, म्हणून त्या दोघांना करावा लागला. तुझ्या बाबतीत तो कोण करणार, एवढेच मला विचारायचे आहे.

बालगंधर्वांचेही तेच. नाटकात अस्सल शालू आणि अस्सल अत्तर हवे, खोटे काही चालायचे नाही, हे वाचताना मीही तुझ्याइतकीच हरखून जाते. ८ जुलै १९२१ रोजी केशवराव भोसल्यांबरोबर त्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान केले, त्या रात्रीचे वर्णन तुझे आजोबा त्यांच्या वडिलांकडून ऐकलेले जसेच्या तसे सांगत आणि सांगताना उजवा हात थोडा वर उचलत. तू लहानपणी त्या हाताची नक्कल करायचास. पण गंधर्व नाटक मंडळीच्या डोक्यावर कर्ज चढत गेले, ते का आणि कसे, हे त्याच पुस्तकात लिहिलेले आहे आणि तो भाग तू भरभर उलटतोस, हे मी तुझ्या शेजारी बसून पाहिलेले आहे. सिनेमातल्या भगवानदादांनी १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटानंतर जुहूला बंगला घेतला, दारात मोटारी उभ्या केल्या आणि सारे गमावून दादरच्या चाळीत परत आले. गणपतीच्या मिरवणुका चाळीखाली थांबायच्या आणि ते नाचायचे, असे सांगतात. तू त्या नाचाविषयी बोलतोस. मला त्या चाळीच्या खोलीचे भाडे कोण भरत असेल, ते डोळ्यांपुढे येते.

हे उपदेशासारखे होऊ लागले आहे, त्याबद्दल रागावू नकोस. हे सारे तुला ठाऊक आहे, कदाचित माझ्यापेक्षा चांगले. सलीम दुराणींना १९७३ मध्ये कानपूरच्या कसोटीतून वगळले तेव्हा लोकांनी फलक धरले आणि पुढच्या मुंबईच्या कसोटीत ते खेळले, ही गोष्ट ऐकताना तुझे डोळे चमकायचे. प्रेक्षकांनी हाक द्यावी आणि चेंडू षटकार होऊन तिथेच जावा, असा माणूस कोणाला आवडणार नाही? तुझ्यात त्यातले काही आहे असे मला घाणेकर नाट्यगृहात पहिल्यांदा वाटले. दुसऱ्या अंकात तू पाठमोरा उभा होतास, एक शब्द बोलत नव्हतास, आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई पिशवीतून पाण्याची बाटली काढता काढता तशाच थांबल्या. बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. ते तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

आता ज्यांच्या नावाचे ते नाट्यगृह आहे त्यांचे. डॉक्टर काशिनाथ घाणेकरांनी दातांचा दवाखाना मागे टाकून रंगभूमी धरली, म्हणून तू ऐरोलीची नोकरी सोडलीस, असे तू आत्याला म्हणालास. ते वारले अमरावतीलाच, दौऱ्यावर असताना, २ मार्च १९८६ रोजी. तू तिथे आहेस म्हणून मला ते आठवले असे नाही. तू गाडीत बसल्यापासून मला दुसरे काही आठवलेच नाही. त्यांच्या पत्नीने, कांचन घाणेकरांनी, 'नाथ हा माझा' लिहिले. ते पुस्तक तुझ्या कपाटात आहे. त्या बेफाम माणसाच्या सहवासात घर कसे चालले, हे त्या माउलीने लिहून ठेवले आहे आणि मी ते वाचते तेव्हा मी त्यांच्या बाजूला बसलेली असते, रंगमंचाच्या बाजूला नाही.

नंदूमामाच्या वेळी तू बालवाडीत होतास. मामीने तेव्हा दागिन्यांचा डबा कोणाकडे ठेवला होता ते तुला ठाऊक नाही आणि आता सांगण्यातही अर्थ नाही. पण कर्ज म्हटले की माझ्यापुढे तो डबा येतो. तुला वाटते मला रंगभूमीची भीती वाटते. तसे नाही. नोकरी गेली याचेही मला दुःख नाही. बाबांना आहे, ते ओसरेल. मला त्या कर्जाच्या कागदाची भीती वाटते. नाटक सहा जणांचे आणि सही तुझ्या एकट्याची, असे तू बोलता बोलता म्हणालास आणि विषय बदललास. ते खरे आहे का? हप्त्याची तारीख कोणती? एखादा महिना प्रयोग लागले नाहीत तर तो हप्ता कोण भरणार, यावर तुम्ही सहा जण एकदा तरी बोललात का?

पुन्हा तिथेच आले. नेपथ्याविषयी, तुझ्या खोकल्याविषयी, कळव्याच्या आजीने पाठवलेल्या लाडवांविषयी लिहायचे होते. लाडू राजेशच्या बॅगेत वरच्या कप्प्यात आहेत.

एवढे कर. नागपूरच्या प्रयोगाआधी सहाही जणांनी आपापला वाटा एका कागदावर लिहून सह्या करा. मसुदा मी सोबत पाठवते आहे, भाषा रुक्ष आहे पण पतपेढीत ती पुरेशी ठरत असे. तिकीटविक्रीची रक्कम रोजच्या रोज वहीत उतरवायचे काम तू घेऊ नकोस, ते तुला जमणार नाही. वैदेहीला विचार, ती नीट ठेवील, आणि तिला त्याचे पैसे द्या. कर्जाच्या कागदाच्या सगळ्या पानांचे फोटो मला पाठव, मागच्या पानावरच्या बारीक अक्षरांतल्या अटींसकट. बाबांना मी दाखवणार नाही. ठाण्याचा प्रयोग ठरला की तारीख आधी कळव, आत्याला आणि शेजारच्या काकूंना तिकिटे काढायची आहेत, आणि या वेळी आम्ही सगळे तिकीट काढूनच येणार आहोत.

तुझी,
आई
नौपाडा, ठाणे