सुतारकाकांना, बुचंवालीकडून

काका, नमस्कार. मोबाईलवर एवढं लांबलचक तुम्ही वाचणार नाही, ते मला माहितीये, तुमच्या नातीला सांगितलंय वाचून दाखवायला. समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, निघ आता" म्हणून हाकलता, म्हणून म्हटलं इथे सगळ्यांसमोरच बोलून टाकावं.

बाकीच्यांसाठी सांगते, मी घरी छोट्या लेथवर बाटल्यांची बुचं करते. वरची मूठ लाकडाची, खाली स्टीलचा दांडा, त्याला रबरी रिंगा. लोकांना वाटतं वाईनचीच, पण आमच्याकडे ती कोकम आगळाच्या बाटलीवर बसतात. गणपतीच्या आधी दादरला दोन दिवसांचं प्रदर्शन होतं, त्यासाठी मी हौसेने प्लायचा तीन पायऱ्यांचा स्टँड केला, आणि भोकं पाडली १९ मिमीची, कारण वाईनच्या बाटलीचं तोंड आतून साधारण साडेअठरा असतं आणि मला वाटलं काय अचूक माप घेतलंय मी! पावसाळी हवेने प्लाय फुगला, रिंगा भोकात गच्च बसल्या. पहिल्याच दिवशी एका मावशींनी बूच उचललं तर अख्खा स्टँडच हातात आला, मग कलंडला, अर्धा माल फरशीवर. दोन मुठींना चीर गेली. मावशी बिचाऱ्या माझ्यापेक्षा जास्त घाबरल्या.

त्या रात्री लालबागला तुमच्याकडे आले तेव्हा मखरांच्या घाईत तुम्हाला मान वर करायला फुरसत नव्हती. तरी स्टँड हातात घेऊन तुम्ही पहिलं काय विचारलंत, "बाटलीचं माप स्टँडला कशाला दिलंस? इथे काय सांडणारे?" मी गप्प. एवढी साधी गोष्ट, बूच बाटलीत घट्ट पाहिजे, स्टँडमध्ये नुसतं उभं राहिलं तरी पुरे, ती दोन महिने माझ्या डोक्यात आली नव्हती.

मग तुम्ही कोपऱ्यातून पाडलेल्या चाळीच्या चौकटीचं सागवान काढलंत, वजनाला दगड. करवत लावायच्या आधी त्यावरून लोहचुंबक फिरवलंत, एका जागी ते टक्कन चिकटलं, पटाशीने खरवडलं तर आत मोडका खिळा! मी असते तर सरळ ब्लेडचे दात घालवले असते. भोकं २२ची घेतलीत, म्हणजे मुठीचा काठ वर टेकतो आणि दांडा खाली लटकतो, गिऱ्हाइकाला रिंगासुद्धा दिसतात. लाकूड आडवं फुगतं, लांबीत जवळपास नाहीच, त्यामुळे गोल भोक पावसात गोल राहत नाही, म्हणून मोकळीक ठेवायची, हेही तेव्हाच कळलं. आणि ती ड्रिलची युक्ती तर मी आता दिसेल त्याला सांगत सुटलेय: बिटाचं टोक पलीकडे जरासं दिसलं की थांबायचं, फळी उलटी करायची आणि तिकडून भोक पुरं करायचं, म्हणजे मागच्या बाजूला ढलप्या उडत नाहीत. माझ्या प्लायची मागची बाजू उंदराने कुरतडल्यासारखी होती, तुम्ही बघितलीत पण बोलला नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार.

पॉलिशवरून मात्र आपलं वाजलं. मला चकचकीत हवं होतं. तुम्ही म्हणालात, दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं, आणि तसंही, "तुला बुचं विकायचीत का स्टँड?" शेवटी नुसतं तेल पुसलं. रात्रीचे साडेअकरा झाले होते, मखर तसंच पडलेलं, आणि काकूंचे तीन फोन येऊन गेले होते. काकू, सॉरी हं.

दुसऱ्या दिवशी सोळा बुचं गेली. पण दोघांनी स्टँडचीच किंमत विचारली, म्हणजे तुमचं म्हणणंही पूर्ण खरं नव्हतं बघा!

पैसे तुम्ही घेतले नाहीत. चीर गेलेलं एक बूच उचललंत, चिरेत भुसा-फेविकॉल भरलात, आणि परवा बघितलं तर ते तुमच्या तेलाच्या बाटलीवर बसलेलं, ऐटीत. माझ्या सगळ्या बुचांत तेच सगळ्यात जास्त वापरात असेल.

आणि हो, तुमचं लोहचुंबक चुकून माझ्या पिशवीत आलंय. शोधत बसू नका, रविवारी आणून देते.