उपप्रकल्पांना मोकळीक कुठे, शिस्त कुठे?

मा. संपादक,

सिंहस्थासाठी घाट, वाहनतळ, बस यांची मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला असलेली) ॲप्स करू पाहणाऱ्या नाशिकच्या तरुणांनी सर्व गटांना, म्हणजे उपप्रकल्पांना, बंधनकारक काय, हे आधी ठरवावे. प्रोग्रॅमिंगची भाषा, कोड तपासण्याची रीत ज्याची त्याला ठरवू द्यावी. त्यात नाक खुपसले की माणसे पांगतात. फुकट राबणाऱ्यावर हुकूम चालत नाही.

एकसारखेपणा हवा तो ॲप्स एकमेकांना जोडली जातात त्या सांध्यांवर: कोड वापरण्याचा परवाना, आवृत्ती-क्रमांक आणि मुख्य म्हणजे डेटाचा साचा. जिओजेसन या नकाशाच्या डेटाच्या साच्यात रेखांश आधी, लीफलेट या नकाशा दाखवणाऱ्या तयार कोडमध्ये अक्षांश आधी. आकडे उलटे घेतले, तर अक्षांश 20, रेखांश 73.8 च्या आसपासचे रामकुंड थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात! एखाद्या गटाने रकान्याचे नाव परस्पर बदलले, तर दुसऱ्याचे ॲप कोलमडते. म्हणून जुने नाव निदान दोन आवृत्त्या चालू ठेवावे.

अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या अनेक मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेत आवृत्ती काढायला प्रकल्प समितीची किमान 3 होकारार्थी मते लागतात, मतदान सहसा 72 तास खुले असते आणि परवाना ठरलेला. तांत्रिक निर्णय मात्र प्रकल्पाचेच. इथेही सामायिक नियम एका पानात बसवून कोडसोबतच ठेवावेत. व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेले आठवड्याने कोणाला सापडत नाही.

– एक वाचक, नाशिक