पाण्याच्या मागाने गौताळा दाखवणाऱ्या वनमजूर मामांना

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

गौताळ्यात पाऊल टाकणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो, "बिबट्या दिसेल का?" तुम्ही त्याला आधी पाणी कुठे आहे ते दाखवता. तुमच्या या रीतीमुळे हे जंगल आणि त्यातली लेणी आम्हा भटक्या मंडळींना उमगली. त्याबद्दल चारचौघांत आभार मानावेत म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत. पुढे येणाऱ्यांच्याही ते कामी यावे.

गौताळा औट्रमघाट 1986 साली अभयारण्य झाले. सुमारे 260 चौरस किलोमीटरचा हा डोंगराळ पट्टा कन्नड आणि चाळीसगाव या दोन तालुक्यांत पसरला आहे. जंगल शुष्क पानगळीचे आहे, त्यामुळे धबधबे आणि हिरवाई पाहायची तर ऑगस्ट ते नोव्हेंबर, आणि प्राणी पाहायचे तर एप्रिल-मे, असा सरळ हिशेब तुम्ही मांडता. पावसाळ्यात जागोजागी पाणी असते, जनावर कुठेही तहान भागवते आणि झाडोऱ्यात दिसत नाही. उन्हाळ्यात मोजके पाणवठे उरतात आणि पाने गळून नजर लांब जाते. दोन्ही हौशी एकाच फेरीत भागत नाहीत, हे लोकांना आधी कळले तर निराशा टळेल.

पाणवठ्याकाठच्या ओल्या मातीत ठसे वाचायला तुम्ही शिकवलेत, त्याचे ऋण मोठे आहे. बिबट्याच्या ठशात चार बोटे असतात, नखे उमटत नाहीत, कारण चालताना तो ती आत ओढून घेतो. तरसाची नखे उमटतात आणि त्याचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो. अस्वलाचा मागचा पाय तर माणसाच्या तळव्यासारखा, फक्त पुढे लांब नखांच्या खुणा. ठशाची कड धारदार असेल तर तो ताजा. कड ढासळलेली असेल, वरून मुंग्यांची किंवा किड्यांची वाट गेलेली असेल तर शिळा. पांढरी पडलेली विष्ठा तरसाची, कारण ते हाडे फोडून खाते. या खुणा ओळखू आल्या की प्राणी न दिसताही फेरी वाया जात नाही.

अस्वलाबाबतची तुमची ताकीद तर प्रत्येकाने ऐकावी. वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढणाऱ्या अस्वलाला आजूबाजूचे भान नसते, त्यात त्याची नजर अधू. माणूस एकदम समोर आला की ते घाबरून अंगावर येते. म्हणून वाटेच्या प्रत्येक वळणावर आधी खाकरायचे, आपसांत बोलत राहायचे. ताजे उकरलेले वारूळ दिसले की मागे फिरायचे. पळत सुटायचे नाही.

2021 साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याकडून आलेला वाघ इथल्या कॅमेऱ्यात टिपला गेला, तेव्हा सगळ्यांना नवल वाटले. पण एवढ्या लांबून शेते, रस्ते ओलांडून आलेल्या जनावराला थांबावेसे वाटले, त्यामागे पाणवठे राखणाऱ्या, वणवा विझवणाऱ्या, आग पसरू नये म्हणून जाळरेषा (गवत-पाचोळा काढलेले पट्टे) काढणाऱ्या तुमच्यासारख्यांची मेहनत आहे. त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

आता इथल्या पितळखोरा लेण्यांविषयी. पठारावर गाडी लावून पायऱ्यांनी दरीत उतरायचे. खाली दुकान नाही, प्यायचे पाणी नाही, म्हणून माणशी 3 लिटर पाणी सोबत हवेच. उतरताना दम लागत नाही, चढताना लागतो, तेव्हा निम्मे पाणी परतीसाठी राखून ठेवायचे. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते. तिथे टाच आधी न टेकता अख्खा तळवा एकदम ठेवायचा, चपला नकोत. कड्यांना आग्या मोहोळे असतात, म्हणून अत्तर नको, बिडी-सिगारेटचा धूर नको, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून लांब निघून जायचे.

सगळ्यात मोठा धोका नाल्याचा. पठारावर मातीचा थर पातळ, खाली काळा पाषाण, त्यामुळे पाणी मुरत नाही, थेट नाल्यात येते. दरीत ऊन असले तरी वर सर कोसळली की लोंढा येतो. नितळ पाणी गढूळ होते, काटक्या-पाचोळा वाहू लागतो, पाण्याचा आवाज जड होतो. "पाणी गढूळलं की बेगीन वर या," हे तुमचे वाक्य तिथल्या पाटीवर लिहावे असे आम्हाला वाटते.

याच पाण्याने लेणीही घडली आणि मोडली. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास भिक्खूंनी ही जागा निवडली, कारण शेजारी वाहता झरा आणि जवळून व्यापारी वाट. चैत्यगृहाच्या खांबांवर पैठणच्या दात्यांचे लेख आहेत, त्यात गंधिक कुळातला, म्हणजे अत्तराचा व्यापार करणारा मित्रदेव आहे. आपल्या मराठवाड्यातल्या एका व्यापाऱ्याचे दान दोन हजार वर्षांनी वाचता येते, याचा आनंद वेगळाच. मात्र थरांच्या फटींतून झिरपणाऱ्या पाण्याने खडक सैल झाला आणि पुढचे भाग कोसळले. लोक पडझड पाहून हळहळतात आणि परत फिरतात. तुम्ही मात्र कोरीव हत्तींच्या रांगेशेजारच्या दारापाशी थांबवता. द्वारपालांच्या बाजूला पाच फण्यांचा नाग कोरला आहे. वरून येणारे पाणी खडकातल्या पन्हळीतून आणून त्या फण्यांतून खाली सोडायची योजना होती. आलेल्याने पाय धुवून आत जावे, अशी ती सोय असावी. ते बारीक छिद्र तुम्ही बोटाने दाखवले नसते, तर कोणाच्याही नजरेतून निसटले असते. इथला हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कण्हदास नावाच्या सोनाराने तो घडवल्याचा लेख आहे. हेही तुम्ही न चुकता सांगता.

चाळीसगावच्या अंगाने पाटणादेवीला जाणाऱ्यांनी चंडिकादेवीच्या दर्शनाबरोबर चांगदेवाच्या शिलालेखाची माहिती करून घ्यावी. शके 1128 च्या सुमाराचा तो लेख गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने, म्हणजे याच चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचे सांगतो. त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे.

मामा, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोणीत भरून पाठीवर वर चढवणे हे तुमचे काम नव्हे, तरी तुम्ही ते करता. येणाऱ्या प्रत्येकाला आमची विनंती आहे: नाक्यावर नोंद करा, सूर्य मावळायच्या आत बाहेर पडा, आणि आणलेली प्रत्येक बाटली स्वतःच परत न्या. तुमच्या पाठीवरचे तेवढे ओझे तरी उतरेल.

मनःपूर्वक आभार. घरच्या मंडळींना नमस्कार.

आपले,
कन्नड आणि छत्रपती संभाजीनगरचे डोंगरभटके