मेंदू जपायचा तर आधी कान तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२१ सप्टेंबरचा जागतिक अल्झायमर दिन जवळ आला की स्मरणशक्ती जपण्याविषयी बरंच छापून येतं. चाला, शब्दकोडी सोडवा, संगीत ऐका. सल्ला योग्यच आहे. पण त्याच सुमारास गणपतीच्या मिरवणुकांत भिंतीएवढे स्पीकर रस्त्यावर येतात, आणि या दोन गोष्टींचा किती जवळचा संबंध आहे यावर कुणी बोलत नाही. त्यासाठी हे पत्र.

मी निवृत्त आरोग्यसेविका आहे. नोकरी मिरज तालुक्यातल्या गावांत झाली. आता मिरजेतच राहते आणि दर गुरुवारी गल्लीतल्या दत्तमंदिरात महिला भजनी मंडळात टाळ धरते. आमच्या मंडळातल्या आक्का वयानं सगळ्यांत मोठ्या. चाल लावायची ती त्यांनीच. गेल्या काही वर्षांत त्या ध्रुपद उचलायला उशीर करू लागल्या, सूर सुटू लागला, विचारलं एक तर उत्तर भलतंच येऊ लागलं. घरच्यांनी ठरवून टाकलं की आक्कांना विसरायला होतंय. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वतःच यायचं बंद केलं.

मला शंका आली ती वेगळ्या कारणानं. समोर बसून, तोंडाकडे बघत बोललं की त्यांना सगळं आठवायचं. माझ्या मुलीच्या बाळंतपणाची तारीखसुद्धा. नोकरीत शिकलेली साधी चाचणी करून पाहिली. हातभर अंतरावर पाठीमागे उभं राहायचं, एक कान झाकायला लावायचा आणि कुजबुजत आकडे सांगायचे. आक्कांना एकही आकडा सांगता आला नाही. कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावर ऐकण्याची मोजणी, केली. वरच्या पट्टीतलं, म्हणजे उंच सुरांचं, ऐकणं बरंच गेलेलं. अशा वेळी माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाही, कारण स, श, फ, थ अशी अक्षरं त्या वरच्या पट्टीतच असतात. स्मरणशक्तीची तपासणीही झाली, ती ठीक निघाली.

कानाचं मशीन आल्यावर सुरुवातीला त्यांना टाळांचा आवाज टोचायचा. हे पुष्कळांचं होतं, आणि इथेच मशीन डब्यात जाऊन पडतं. तंत्रज्ञाकडे पुन्हा पुन्हा जाऊन गाण्यासाठी वेगळं सेटिंग करून घ्यावं लागलं. आता आक्का पेटीच्या शेजारी बसतात आणि कुणाचा सूर ढळला की पूर्वीसारखंच मांडीवर चापट मारून सांगतात.

ही एका घरातली गोष्ट असली तरी तिच्यामागे मोठा आकडा आहे. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाची, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळण्याच्या आजाराची, बदलता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. ती सगळी दूर झाली तर जगातल्या सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू शकेल किंवा लांबणीवर पडू शकेल, असा तो अंदाज. त्यात सर्वांत मोठा वाटा दोन गोष्टींचा, प्रत्येकी ७ टक्के: वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल आणि कमी ऐकू येणं. एकटेपणाचा वाटा ५ टक्के. कान गेला की माणूस चारचौघांत बसायचं टाळतो, म्हणजे एका कारणामागे दुसरं चालत येतं. शिवाय अर्धवट शब्द जुळवण्यातच मेंदू शिणतो. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा असा अंदाज २०२३ मध्ये आला, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. आमच्या मंडळातल्या बायकांना मी हे सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही.

संगीताबद्दल मी जपूनच बोलते. मोबाइलवर गाणी लावून ठेवली की विस्मृती टळते, असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरच्या ४६९ जणांना अनेक वर्षं पाहिलं गेलं आणि २००३ साली निष्कर्ष छापून आला. वाचन, बैठे खेळ, वाद्य वाजवणं आणि नाच करणाऱ्यांत डिमेन्शिया कमी आढळला. यावरून वाजवल्यामुळेच तो टळला असं सिद्ध होत नाही. पण यादीत जे आहे ते स्वतः करायचं आहे, हे लक्षात घ्या. भजनात शब्द आठवायचे, ठेका सांभाळायचा, पुढची काय घेते त्यावर कान ठेवायचा, श्वास पुरवायचा आणि हात चालू ठेवायचा. नवी चाल शिकताना तर आम्ही अक्षरशः घामाघूम होतो. वारकरी मंडळी पावली खेळतात, त्यात पायही आले. एवढं सगळं एका तासात, तेही दहाजणींच्या सोबतीनं आणि फुकट.

आमच्याकडे आणखी एक पद्धत पडली आहे. भजनाआधी सगळ्यांचं बीपी मोजायचं आणि वहीत लिहायचं. वाढलेलं बीपी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतं आणि वर्षानुवर्षं काही कळूही देत नाही. गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडणाऱ्या आमच्यातही होत्या. वही दिसायला लागली तशा त्या नियमानं घेऊ लागल्या. जेवणात मीठ दिवसाला एक चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत असावं. आपलं लोणचं, पापड, खारी शेंग यांतच ते संपतं. मंदिरापर्यंत रिक्षा करायची नाही, असंही ठरलंय. मिश्री लावणाऱ्यांशी मात्र माझं भांडण अजून चालू आहे. ती तंबाखूच आहे, दात घासायची पूड नाही.

आता मिरवणुकीकडे येते, कारण मला खरी कळकळ तिथली आहे. मिरज हे सतार-तंबोऱ्याचं गाव. २०२४ मध्ये इथल्या सतारी आणि तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. इथला कारागीर घोडी (तारांखालचा आधार) घासून जवारी (तारेचा गुंजणारा नाद) काढतो ती निव्वळ कानाच्या भरवशावर. त्याच गावात विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि छाती हादरवणाऱ्या आवाजापुढे लहान पोरं नाचत असतात. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर सीओईपी या अभियांत्रिकीच्या संस्थेचे विद्यार्थी विसर्जनातला आवाज मोजतात. तिथे १०० डेसिबलच्या पुढचे आकडे आलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं १०० डेसिबल आवाज आठवड्यातून २० मिनिटांपेक्षा जास्त ऐकणं धोक्याचं. कानातल्या आवाज टिपणाऱ्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आज स्पीकरसमोर नाचणारा विशीतला मुलगा पन्नाशीत ऐकायला कमी पडला, तर त्याच्या मेंदूवरचा धोका आपण आजच पेरलेला असेल. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांतच आहे. ती पाळली जावी ही मागणी धर्माविरुद्ध नाही. मी स्वतः देवापुढे टाळ वाजवणारी बाई आहे.

प्रशासनाकडे माझी मागणी एवढीच की साठीच्या पुढच्यांची बीपी-शुगर तपासताना कानही तपासावा. कुजबुज चाचणीला ना वीज लागते ना यंत्र. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या गरजू ज्येष्ठांना सहाय्यक साधनांसाठी ३ हजार रुपये मिळण्याची सोय आहे आणि त्या साधनांत श्रवणयंत्रही येतं. चांगलं मशीन तेवढ्यात बसत नाही हे खरं, पण चष्म्या-काठीपलीकडे ही योजना आहे हेच कितीतरी घरांना माहीत नाही. ही रक्कम श्रवणयंत्रासाठी वाढवावी.

आणि गणेश मंडळांच्या मुलांना सांगणं आहे. एका रात्रीच्या साउंड सिस्टीमवर जेवढा खर्च करता, त्यातला थोडा भाग बाजूला काढून दहा दिवसांत एक दिवस मांडवात कानतपासणी ठेवा. कानाचे डॉक्टर आणि ऑडिओमेट्री करणारे तंत्रज्ञ पुढे आले, तर नावनोंदणी, रांग लावणं आणि म्हाताऱ्या माणसांना घरून आणून सोडणं हे सगळं आमचं भजनी मंडळ करेल.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका, मिरज (जि. सांगली)