‘जड से खतम’च्या जाहिराती घेऊ नका

मा. संपादक, स. न. वि. वि.

तुमच्या छोट्या जाहिरातींत परत “सफेद दाग, सोरायसिस जड से खतम, गॅरंटी” वाचलं, म्हणून लिहितेय. रामबागेच्या भिंतींवर रंगवलेलं असतं ते एक वेळ सोडून देऊ, पण पेपरात छापलं की आमच्याकडची म्हातारी माणसं ते खरं मानतात हो.

कोडात, म्हणजे या सफेद डागांत, आपल्याच टी पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कातडीचा रंग बनवणाऱ्या पेशींना मारतात, रक्तातली गरमी, दूध-मासे वगैरे काही नाही, आणि शिवल्याने तर मुळीच होत नाही. डाग भरला तरी त्यातल्या काही टी पेशी तिथेच कातडीत ठाण मांडून राहतात, त्यामुळे औषध थांबलं की पुष्कळांना बरोबर त्याच जागी पुन्हा पांढरं दिसायला लागतं, आणि घरचे पेशंटलाच बोलतात की पथ्य पाळलं नसशील!

दुसरं, स्थळं बघताना “त्यांच्या घराण्यातच आहे” म्हणून मुली नाकारतात. जीन्सचा वाटा आहेच, नाही कोण म्हणतंय, पण एकसारख्या जुळ्यांत एकाला कोड असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण 23 टक्क्यांच्या आसपासच निघालं, डीएनए दोघांचा तोच असून. मग बाकीचं काय? त्यातला एक भाग एपिजेनेटिक्सचा असावा, म्हणजे जीन तोच पण तो चालू की बंद हे वरून ठरतं. डीएनएवर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक गट चिकटतात आणि जिथे ते दाट तिथला जीन सहसा गप्प बसतो. ल्युपसमध्ये (तोच, गालांवर लाल चट्टे येतात आणि उन्हाने वाढतो) टी पेशींवरचे हे गट कमी झालेले सापडलेत, म्हणजे गप्प बसायचे ते जीन बोलायला लागतात. बीपीचं हायड्रॅलझिन घेऊन काहींना ल्युपससारखा आजार होतो आणि गोळी बंद केली की बहुतेकदा जातो, ते औषधही टी पेशींतलं हे मिथाइलचं काम अडवतं. कोड आणि सोरायसिसमध्येही अशा खुणा शोधणं चालू आहे.

औषधं नाहीत असं नाही, कोडासाठी रुक्सोलिटिनिबच्या क्रीमला अमेरिकेत 2022 मध्ये मंजुरी मिळाली. पण तेही डाग भरून आणतं, गॅरंटी कोणी देत नाही. म्हणून म्हणते, गॅरंटीवाल्या जाहिराती घेणं बंद करा, आणि त्या जागी स्किनच्या डॉक्टरांना महिन्यातून एकदा वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला सांगा.

— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर