'ओव्हरक्लॉकिंग रेडी' कॉम्बोतल्या मदरबोर्डबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बी६६० चिपसेटच्या मदरबोर्डची दिशाभूल करणारी जाहिरात, रेंडरिंगच्या वेळी बोर्डाने दम टाकणे आणि बदली म्हणून न चालणारा बोर्ड पाठवणे.

महोदय,

अमळनेरला माझं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. नोकर नाही, शूटिंगपासून पेनड्राईव्ह हातात देईपर्यंत सगळं मीच करतो. आपल्या संकेतस्थळावरून मी 'ओव्हरक्लॉकिंग रेडी', म्हणजे प्रोसेसर छापील वेगापेक्षा जास्त पळवायला तयार, अशी जाहिरात केलेला कॉम्बो घेतला : इंटेलचा आय५-१२६००के प्रोसेसर, बी६६० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावर काय काय चालेल ते ठरवणारी चिप) डीडीआर४ प्रकारच्या रॅमचा मदरबोर्ड आणि ३२ जीबी रॅम. पावतीची प्रत सोबत आहे.

त्या पानावर एक तक्ता आहे. एच६१०, बी६६०, झेड६९० हे तीन चिपसेट, आणि समोर स्टॅबिलिटी, कॉम्पॅटिबिलिटी, ओव्हरक्लॉकिंग असे तीन रकाने. बी६६० च्या ओळीत तिन्ही ठिकाणी हिरवी खूण. झेड६९० च्या ओळीतही तिन्ही ठिकाणी हिरवी खूण. दोन्ही सारखेच असतील तर झेड६९० ला जादा पैसे कोण मोजेल? पानाचा स्क्रीनशॉट जोडला आहे, कारण आता पान बदलल्याचं उत्तर मला नको आहे.

आधी ओव्हरक्लॉकिंगचं. इंटेलच्या या पिढीत प्रोसेसरचा मल्टिप्लायर (मूळ घड्याळाचा वेग ज्या आकड्याने गुणला जातो तो) वाढवता येतो तो फक्त झेड चिपसेटवर. प्रोसेसर 'के', म्हणजे ओव्हरक्लॉकिंगसाठी मोकळा ठेवलेला, असून भागत नाही, बोर्डही झेड लागतो. बी६६० वर रॅमचा वेग एक्सएमपी (रॅममध्येच साठवलेली जास्त वेगाची सेटिंग) लावून वाढवता येतो, एच६१० वर तेही नाही. आपल्या प्रतिनिधीला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "सर, रॅमचं ओव्हरक्लॉकिंग होतं ना, म्हणून खूण आहे." मग तसं लिहा की! काही मोजक्या बी६६० बोर्डांवर वेगळा क्लॉक जनरेटर (घड्याळाचे ठोके देणारी चिप) असल्याने ते मूळ घड्याळच वाढवून लोकांनी १२व्या पिढीचे साधे, 'के' नसलेले प्रोसेसर पळवले, हे मला माहीत आहे. आपल्या बोर्डावर तो नाही. मला वाटतं, तक्ता करणाऱ्याने एएमडीचा नियम उचलून इंटेलला लावला. एएमडीच्या बी४५० आणि बी५५० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो, फक्त ए५२० सारख्या ए मालिकेत होत नाही. दोन्ही कंपन्यांचं 'बी' एकच, असं समजून खूण मारून मोकळे.

मे महिन्यात खानदेशात ओव्हरक्लॉकिंग करत बसायला मी वेडा नाही. आणि साध्या १२६०० पेक्षा १२६००के ला असलेले चार जादा एफिशियन्सी कोअर (कमी वीज खाणारे छोटे कोअर) मला एरवीही कामाला येतात, त्यामुळे प्रोसेसरबद्दल माझी तक्रार नाही. पण जे विकलं म्हणता ते खोक्यात नव्हतं, एवढं तरी मान्य करा.

खरा घोळ स्टॅबिलिटीचा आहे. लग्नसराईत तीन-चार तासांचं फुटेज एक्स्पोर्टला लावलं की पहिली काही मिनिटं सगळे परफॉर्मन्स कोअर साडेचार गिगाहर्ट्‌झवर चालायचे. मग वेग धाडकन पडून ३.७ या छापील मूळ वेगाच्याही खाली जायचा, जरा वर यायचा, पुन्हा पडायचा. प्रोसेसरचं तापमान तेव्हा ७५ च्या आसपास, म्हणजे कूलर व्यवस्थित. सेन्सर दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं तर व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डाचा भाग, ११० अंशांवर. कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅनचं तोंड बोर्डाच्या त्या कोपऱ्याकडे केलं, तर वेग परत जागेवर आला. जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या एका जाणकार दुरुस्तीवाल्यालाही दाखवलं. त्याने सॉकेटशेजारच्या उघड्या मॉसफेटवर (व्हीआरएमच्या तापणाऱ्या चिपांवर) बोट ठेवलं आणि विचारलं, "याचं हीटसिंक कुठाय?" हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, नव्हतंच. निघालं किंवा हरवलं नव्हतं, त्या मॉडेलला ते देतच नाहीत.

१२६००के ची बेस पॉवर १२५ वॉट आणि टर्बोत कमाल १५० वॉट, हे इंटेलने छापलेले आकडे आहेत. तेवढी वीज तासन्‌तास पुरवणारा भाग उघडा ठेवायचा आणि वर 'क्रिएटर्ससाठी' लिहायचं, म्हणजे साडेसात एचपीच्या मोटारीला पंख्याची वायर जोडण्यासारखं झालं.

यावर लेखी उत्तर आलं की खोलीचं तापमान ३५ अंशांच्या आत ठेवावं. साहेब, जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हे सगळ्या देशाला बातम्यांतून माहीत असतं. पिनकोड टाकल्यावर आपल्या साईटने 'डिलिव्हरी उपलब्ध' दाखवलं, तेव्हा तापमानाची अट सांगितली नाही. आणि पाण्याचा कूलर मशीनच्या तोंडावर सोडून ओलावा आत घालायचा का?

त्याच उत्तरात पुढे असं आहे की चिपसेट इंटेलचा आहे, तेव्हा स्टॅबिलिटीचं इंटेलला विचारा. चिपसेटच सदोष निघाला तर काय होतं, तेही या धंद्यात घडून गेलंय. जानेवारी २०११ मध्ये सहा मालिकेच्या चिपसेटमधले काही साटा पोर्ट (हार्डडिस्क जोडायच्या जागा) कालांतराने कमजोर पडतील असं दिसलं, तेव्हा इंटेलने माल थांबवला, दुरुस्त चिप काढली आणि खर्चाचा अंदाज ७० कोटी डॉलर सांगितला. माझ्या बोर्डावरचा चिपसेट मात्र ठणठणीत आहे. व्हीआरएम किती फेजचा (वीज किती भागांत वाटून देणारा), त्यावर हीटसिंक आहे की नाही, हे बोर्ड बनवणारा ठरवतो, आणि तो बोर्ड या प्रोसेसरबरोबर कॉम्बोत कोणी बांधला? आपणच.

आता कॉम्पॅटिबिलिटी. वाद वाढल्यावर आपण बोर्ड बदलून द्यायला तयार झालात, त्याबद्दल आभार. जुना बोर्ड कुरिअरवाला घेऊन गेला. नवा आला, पुन्हा बी६६० च. मॉडेलचं नाव जवळपास तेच, फक्त शेवटची दोन अक्षरं गायब. रॅम लावायला गेलो तर खाच जुळेना. पाठवलेला बोर्ड डीडीआर५ चा! १२व्या पिढीचा प्रोसेसर दोन्ही प्रकारची रॅम चालवतो, पण बोर्डावर स्लॉट एकाच प्रकारचे असतात. पिना दोन्हीला २८८, तरी खाचेची जागा वेगळी आणि व्होल्टेजही वेगळं. फोनवर आपल्या माणसाचं उत्तर : "चिपसेट तर तोच आहे सर, चालायला हवं." चिपसेट तोच आहे हे मीही वाचलं होतं. रॅम चिपसेटमध्ये बसवायची नसते.

त्याने आणखी एक सल्ला दिला : १३व्या पिढीचा प्रोसेसर घ्या, त्याच सॉकेटमध्ये बसेल. बसेल, पण ६०० मालिकेच्या (बी६६० त्यातलाच) बोर्डाला आधी बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागतं. शिवाय १३व्या-१४व्या पिढीतल्या अस्थिरतेवर इंटेलने २०२४ मध्ये जो मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) काढला, तो बायोसमधूनच येतो. आपल्या बोर्डाच्या पानावरचं शेवटचं बायोस त्याच्या आधीचं आहे. रॅम कोणती लागते ते न पाहता पाठवणाऱ्याकडून मी प्रोसेसरचा सल्ला घेणार नाही.

सध्या मशीन बंद आहे आणि काम भाड्याच्या मशीनवर चाललं आहे. गिऱ्हाईक रोज फोन करतं, "भाऊ, पेनड्राईव्ह कव्हय देशी?" त्यांना मी चिपसेट समजावून सांगू का?

माझी मागणी अशी. व्हीआरएमवर हीटसिंक असलेला झेड६९० किंवा त्यानंतरच्या झेड७९० चा डीडीआर४ बोर्ड फरकाची रक्कम न घेता द्यावा. तो नसेल तर बोर्डाची पूर्ण किंमत परत करावी, बाजारातून माझा मी घेईन. मशीन बंद असल्यापासूनचं भाडंही भरून द्यावं, त्याच्या पावत्या जोडल्या आहेत. आणि तक्त्यातली ती खूण काढावी, म्हणजे पुढचा माणूस फसणार नाही.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मी राहतो तिथे तक्रार करता येते, त्यासाठी आपल्या शहरात यायची गरज नाही. 'व्यावसायिक खरेदी' हा मुद्दा काढणार असाल तर आधीच सांगतो : स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने त्यात धरलेली नाही.

डीडीआर५ चा बोर्ड खोक्यात तसाच ठेवला आहे. न्यायला माणूस पाठवावा, कुरिअरचा खर्च मी करणार नाही.

आपला ग्राहक,
व्हिडिओ मिक्सिंग व्यावसायिक,
अमळनेर, जि. जळगाव

सोबत : पावती, तक्त्याचा स्क्रीनशॉट, तापमान आणि वेगाच्या नोंदी, आपलं लेखी उत्तर, दोन्ही बोर्डांचे फोटो, भाड्याच्या पावत्या.